काका, वायफाय चालत नाही हे कळलं, पण कुठलं?

कराडहून एका काकांचं पत्र आलंय. चार पानी आहे, त्यातलं दीड पान भाच्याबद्दल आहे ते घरगुती म्हणून सोडून देतो, बाकीचं थोडक्यात असं:

"वय ६१, रिटायर होऊन दोन वर्षं झाली. घरात २०१५ सालचा लॅपटॉप आहे. विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि ११ या मशीनवर चढत नाही, म्हणून दिवाळीला भाचा आला तेव्हा त्याने लिनक्स मिंट टाकून दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेला. दिसायला छान आहे, मेनू मराठीत येतो, पण वायफायचं चिन्हच नाही. भाचा फोन उचलत नाही. एका लिनक्सच्या ग्रुपवर लिहिलं, 'वायफाय चालत नाही, अर्जंट हेल्प करा'. एकजण म्हणाला गूगल करा. एकजण म्हणाला विंडोजवर परत जा. एकजण म्हणाला मिंटच परत टाका. एकाने लांबलचक कमांड दिली, ती टाकली तर पासवर्ड मागितला आणि मी टाइप करतोय तर अक्षरंच दिसेनात, कीबोर्ड पण गेला की काय म्हणून घाबरून बंदच केलं. आणि एकाने तर 'एलएसपीसीआय -एनएनके चं आउटपुट द्या' एवढंच लिहिलं, नमस्कार नाही चमत्कार नाही. ते टाइप करून स्क्रीनचा फोटो टाकला आणि तेव्हापासून ग्रुप उघडलेला नाही. फोटो सोबत आहे. नवीन माणसाशी हे लोक असं का वागतात? आणि मी आता काय करू? प्रिंटर पण चालत नाही."

काका, नमस्कार. चमत्कार पुढे आहे.

तुमचा फोटो बघितला. हललाय, वरची ट्यूबलाइट स्क्रीनमध्ये दिसतेय, आणि एका कोपऱ्यात चहाचा कप आहे, पण झूम केल्यावर मधली एक ओळ वाचता येते: नेटवर्क कंट्रोलर, ब्रॉडकॉम, बीसीएम४३१४२, आणि पुढे चौकटी कंसात १४ई४:४३६५. त्याच्या दोन ओळी खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आणि त्यापुढे बीसीएमए-पीसीआय-ब्रिज. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच फोटोत होतं, तुम्ही ते ग्रुपवर टाकलंत, आणि उत्तर यायच्या आत रुसून निघून गेलात. आणि ज्याचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग आला ना, नमस्कार न करणारा, तो एकटाच त्या सगळ्यांत तुम्हाला मदत करत होता. बाकीचे नुसते बोलत होते.

आधी तुमचं काम करून टाकू, मग रागाचं बघू.

त्याने मागितलेली ती एलएसपीसीआय कमांड काय करते ते सांगतो म्हणजे पुढच्या वेळी कुणी मागितली तर परीक्षा घेतल्यासारखं वाटणार नाही. लॅपटॉपच्या आत जी कार्डं बसवलेली असतात त्यांची ती यादी देते, बस, काही बदलत नाही, काही बिघडवत नाही. मागे जे एनएन लावतात त्याने प्रत्येक कार्डाचा नंबर पण येतो (तो १४ई४:४३६५, पहिला भाग कंपनीचा, दुसरा त्या कार्डाचा), आणि के ने कळतं की या कार्डाला सध्या कुठला ड्रायव्हर (म्हणजे कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्राम) लागलाय. तुमच्या केसमध्ये मशीनला कार्ड दिसतंय, म्हणजे कार्ड जळालेलं वगैरे नाहीये, पण त्याला जो ड्रायव्हर चिकटलाय तो त्याच्याकडून वायफाय करून घेऊ शकत नाही. कुलूप आहे, किल्ली पण लावलीय, फक्त ती शेजारच्या कपाटाची आहे. या चिपचा खरा ड्रायव्हर ब्रॉडकॉमचा स्वतःचा आहे, त्याचा सोर्स पूर्ण उघडा नाही, म्हणून तो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आधीपासून येत नाही, वेगळा टाकावा लागतो. साधारण २०१३ ते १६ मधल्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये हीच चिप आहे, त्यामुळे तुमच्यासारखे अडकलेले खूप आहेत, तुमचं काही जगावेगळं झालेलं नाही.

आता ड्रायव्हर टाकायला नेट पाहिजे आणि नेट नाही म्हणून तर ड्रायव्हर टाकायचाय, हे कळतंय मला. फोनची केबल घ्या. चार्जिंगची नुसती नको, डेटा जाणारी पाहिजे, फोनच्या बॉक्समध्ये आली असेल ती चालेल, शंभर रुपयांवाल्या काही केबलमधून फक्त करंट जातो. फोन लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या जवळ यूएसबी टेदरिंग म्हणून एक बटण असतं ते चालू करा. लॅपटॉपला वाटतं वायरचं नेट आलं. आणि काका, फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट पुढे जातं, रोजच्या दीड जीबीतलं जात नाही. फोन मोबाइल डेटावर असेल तर मात्र अपडेट मॅनेजरला आत्ता हात लावू नका, तो शेकड्याने एमबी खाईल आणि संध्याकाळी काकूंची सिरियल बंद पडली की मला पत्र लिहाल.

नेट आलं की मेनूत 'ड्रायव्हर मॅनेजर' शोधा. मेनू मराठीत असल्यामुळे नाव वेगळं दिसेल, पण मेनूच्या शोधायच्या खान्यात इंग्रजीत ड्रायव्हर टाइप करून बघा, सापडायला पाहिजे. तो थोडा वेळ शोधाशोध करतो आणि मग ब्रॉडकॉमचा पर्याय दाखवतो, तो निवडायचा, लावायचा, रीस्टार्ट.

आणि इथे एक जागा आहे जिथे निम्मे लोक परत अडकतात, म्हणून हळू वाचा. तुमच्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू असेल (२०१५ चा आहे म्हणजे बहुतेक असेल) तर मशीन फक्त सही असलेले ड्रायव्हर आत घेतं, आणि हा ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर तयार होतो, त्यावर बाहेरची सही कुठून येणार. म्हणून इन्स्टॉल होताना तो तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतो, किमान ८ अक्षरं, तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर एक निळा स्क्रीन येतो, अगदी जुन्या काळातला वाटावा असा. तो बघून व्हायरस आला म्हणून लोक पहिलं बटण दाबून पुढे जातात, आणि पहिलं बटण असतं 'कंटिन्यू बूट', म्हणजे राहू दे. मग ड्रायव्हर मशीनमध्ये असूनही लागत नाही आणि माणूस म्हणतो सगळं केलं तरी चालत नाही. त्या स्क्रीनवर 'एनरोल एमओके' निवडायचं, मग कंटिन्यू, मग यस, मग तो कागदावरचा पासवर्ड, मग रीबूट. हा स्क्रीन थोडाच वेळ थांबतो, त्यामुळे रीस्टार्ट करून चहा आणायला जाऊ नका. चुकलंच तर बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करता येतं, माझ्या मते घरच्या जुन्या लॅपटॉपला ते चालतं, ऑफिसच्या मशीनला मी करणार नाही.

झालं का ते कसं कळणार? तीच कमांड परत टाका. आता ड्रायव्हर इन यूजच्या पुढे बीसीएमए ऐवजी नुसती दोन अक्षरं दिसतील, डब्ल्यूएल. ती दिसली की वायफायचं चिन्ह पण दिसेल. पुढे कधीतरी कर्नलचा अपडेट आल्यावर वायफाय परत गायब झालं तर घाबरू नका, नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर परत आपोआप बनतो पण कधीकधी तो बनायचा फसतो, तेव्हा लॅपटॉप चालू करताना एस्केप दाबत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नल निवडायचा, त्यात वायफाय चालेल, आणि तेवढ्या वेळात मदत मागता येईल.

आता मदत मागायचं.

काका, तुम्ही डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही, लवकर औषध द्या" म्हणालात तर तो पण पहिलं काहीतरी विचारणारच ना, कुठे दुखतंय, कधीपासून, ताप आहे का. आणि तो विचारताना "नमस्कार काका, प्रवास कसा झाला" म्हणत बसला नाही, कारण बाहेर तीस पेशंट बसलेत, तर आपण रुसून उठत नाही. ग्रुपवरचा तो माणूस कुठेतरी नोकरी करून रात्री जेवण झाल्यावर फोनवर एका हाताने तुम्हाला उत्तर देत होता, पैसे न घेता, आणि त्याने नेमका तो एकच प्रश्न विचारला ज्याच्या उत्तराशिवाय कुणीही काहीही सांगू शकत नाही. 'परत इन्स्टॉल करा' हे सांगायला काही माहिती लागत नाही, म्हणून ते सगळे सांगतात. दहा वेळा इन्स्टॉल केलं असतं तरी चिप तीच राहिली असती.

हे मी तुम्हाला शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, मी यातनं गेलोय. २००६ च्या सुमारास उबुंटू नावाच्या लिनक्सची सीडी फुकट पोस्टाने घरी यायची, नुसती मागवायची, मी मागवली, अगदी पाकिटासकट मित्रांना दाखवली, आणि कॉम्प्युटरवर टाकल्यावर मोडेम चालेना. मी लिहिलं, मोडेम चालत नाही, प्लीज प्लीज हेल्प. उत्तर आलं एका शब्दाचं: "कुठला?" मला एवढा अपमान वाटला की मी आठवडाभर उत्तर दिलं नाही. आठवड्याने गुपचूप कॅबिनेट उघडून मोडेमवरचा नंबर लिहून पाठवला, आणि अर्ध्या तासात त्याच माणसाने सांगितलं की तुझा मोडेम अर्धा सॉफ्टवेअरवर चालणारा आहे, लिनक्सवर तो चालवण्यात महिना घालवशील, त्यापेक्षा सिरियल पोर्टवाला बाहेरचा मोडेम कुणाकडून तरी आण. तसंच केलं. आठवडा माझाच गेला.

पण उलट बाजू पण आहे, ती मान्य करतो. 'गूगल करा' म्हणणारे, आणि त्याहून वाईट म्हणजे मॅन्युअल वाच म्हणून शिवी घालणारे, हे लिनक्सवाल्यांचं जुनं दुखणं आहे. गंमत म्हणजे ज्या मॅन्युअलच्या नावाने हाकलतात ते मूळचं असं नव्हतंच. युनिक्सचं (लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं ती जुनी सिस्टिम) पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं, बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केलेलं, आणि त्यात प्रत्येक कमांडच्या पानावर शेवटी एक 'ओनर' असा भाग होता, म्हणजे अडचण आली तर कुणाला जाऊन विचारायचं. वर 'बग्ज' म्हणून पण भाग, आमच्यात हे हे दोष आहेत असं स्वतःच लिहिलेलं. म्हणजे वाच, आणि नाही कळलं तर याला विचार, अशी ती पद्धत होती. नंतरच्या लोकांनी पहिला अर्धा भाग ठेवला आणि दुसरा विसरले.

ते मॅन्युअल आजही तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे, नेट नसताना पण. टर्मिनलमध्ये (जिथे तुम्ही कमांड टाइप केलीत त्या खिडकीत) 'मॅन' लिहायचं, स्पेस, आणि कमांडचं नाव. बाहेर यायला क्यू दाबायचा (हे कुणी सांगत नाही, लोक खिडकी बंद करून पळतात). शिकायला म्हणून ते वाचू नका, वैताग येईल, त्याचा उपयोग वेगळा आहे: कुणी अनोळखी माणसाने कमांड दिली की ती काय करते ते आधी बघायला.

आणि यावरून तुमच्या त्या लांबलचक कमांडकडे येतो. तुम्ही पत्रात ती उतरवलीय. ती इंटरनेटवरून एक फाइल आणून, ती न बघता, थेट सुडो लावून म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालवणारी आहे. देणारा चांगला असेल, नसेल, मला माहीत नाही, पण असली कमांड कधीही टाकायची नाही, म्हणजे नाहीच. तुम्ही वाचलात ते पासवर्डमुळे. कीबोर्ड गेला नव्हता काका, लिनक्समध्ये टर्मिनलवर पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, कुठे नुसते तारे येतात, कुठे तेही नाहीत, मागून बघणाऱ्याला कळू नये म्हणून. अक्षरं दिसत नसली तरी ते घेत असतं. हे माहीत नसल्यामुळे तुमचा लॅपटॉप वाचला, असं पहिल्यांदाच ऐकतोय. आजकाल चॅटबॉट पण भराभर कमांड देतात आणि चुकीची पण तेवढ्याच आत्मविश्वासाने देतात, त्यांना पण हाच नियम: सुडो दिसलं की थांबा, मॅनमध्ये बघा किंवा माणसाला विचारा. आणि मिंटमध्ये टाइमशिफ्ट म्हणून एक प्रोग्राम आहे, सिस्टिमचा आहे तसा फोटो काढून ठेवतो, प्रयोग करण्याआधी तो एकदा चालवा, बिघडलं तर मागे जाता येतं. तुमचे स्वतःचे फोटो आणि फाइली मात्र तो सहसा धरत नाही, त्या पेनड्राइव्हवर वेगळ्या.

तर पुढच्या वेळी विचाराल कसं. तुमचाच प्रश्न मी लिहून दाखवतो:

"लिनक्स मिंट २२, २०१५ चा लॅपटॉप, नवीन इन्स्टॉल. वायफायचं चिन्हच दिसत नाही. आधी विंडोजवर वायफाय चालत होतं. कार्ड ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, आयडी १४ई४:४३६५, ड्रायव्हर बीसीएमए-पीसीआय-ब्रिज दाखवतंय. फोनवरून यूएसबीने नेट देऊ शकतो. मी अजून काही टाकलेलं नाही. मला टर्मिनलची सवय नाही, कमांड दिलीत तर ती काय करते ते एका ओळीत सांगाल का."

बघा, यात अर्जंट नाही, प्लीज पण नाही, तरी उद्धट वाटतं का? आणि 'आधी विंडोजवर चालत होतं' हे वाक्य लहान दिसतं पण त्यावरून समोरच्याला कळतं की कार्ड चांगलं आहे. 'अजून काही टाकलेलं नाही' हे पण महत्त्वाचं, कारण निम्म्या वेळा बिघाड मूळचा नसतो, आधीच्या चार सल्ल्यांनी केलेला असतो. टाकलं असेल तर काय काय टाकलं ते लाजत न बसता सगळं लिहायचं.

फोटो नको. टर्मिनलमधला मजकूर माउसने सिलेक्ट करून कंट्रोल शिफ्ट सी ने कॉपी होतो (नुसतं कंट्रोल सी केलंत तर चालू असलेली कमांड बंद पडते, तेवढं लक्षात ठेवा). टर्मिनल नकोच असेल तर मिंटमध्ये 'सिस्टम रिपोर्ट्स' (नव्या मिंटमध्ये नाव 'सिस्टम इन्फॉर्मेशन') उघडा, मशीनची सगळी कुंडली एका पानावर येते आणि कॉपीचं बटण आहे. चिकटवण्याआधी एकदा नजर टाका, पासवर्ड, सिरियल नंबर असलं काही त्यात नको.

आणि एरर मेसेज जसाच्या तसा. "काहीतरी परमिशनचं आलं" असं नाही. तुमचा मेनू मराठीत आहे त्याचा मला आनंद आहे, मी पण तसाच वापरतो, पण त्यात एक अडचण आहे की काही एरर मराठीत येतात आणि तो मराठी मजकूर शोधला तर जगात कुठेही काही सापडत नाही, कारण तसं अडकून मराठीत लिहिणारे आपण दोघंच. कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी (कॅपिटल अक्षरांत, त्याच्या आत स्पेस न देता, पण कमांडच्या आधी एक स्पेस देऊन) एवढं लावलं की त्या एका कमांडपुरता मेसेज इंग्रजीत येतो, तो शोधा, तो चिकटवा, प्रश्न मराठीत विचारा.

सवडीने शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल नावाचा प्रकल्प आहे, लिनक्सचे धडे मराठी आवाजात, साधारण दहा-दहा मिनिटांचे, फुकट. त्यात स्क्रीनवर जे करतात ते थांबवत थांबवत आपल्या मशीनवर करत जायचं. थोडे जुने आहेत, रंगरूप वेगळं दिसेल, पण टर्मिनलची भीती घालवायला तेच बरे, कारण टर्मिनल काही फारसं बदललेलं नाही.

भाच्याला रागावू नका. त्याने इन्स्टॉल करायच्या आधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून वायफाय दिसतंय का एवढं बघायला हवं होतं, ती सोय असते, पण दिवाळीत फराळ करून कुणाला सुचतंय.

तर आज संध्याकाळी केबल शोधा, वर सांगितलंय तसं करा, आणि मग तो ग्रुप उघडा. माझी पैज आहे की त्या माणसाने तुमच्या फोटोखाली काहीतरी लिहून ठेवलेलं असेल. नसेल तरी तिथे लिहा की ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर टाकल्यावर चाललं, सिक्युअर बूटचा निळा स्क्रीन आला होता, तिथे हे हे निवडलं. पुढच्या दिवाळीत कुणाचा तरी भाचा असाच पळून जाईल, त्या घरच्यांना हे सापडेल. आणि त्या माणसाला नमस्कार पण लिहा, त्याने नाही केला तरी.

प्रिंटरचं राहिलं. कुठला प्रिंटर?